उजव्या अंगानं उतर

गेल: पण हॉस्की, म्हणजे ते साल कोणतं?

हॉस्की: सांगितलं की. माझ्या बहिणीनं, लोरीनच्या आईनं, दुसरं लग्न केलं ते साल.

गेल: तसं नाही हो, आकड्यात. एकोणीसशे किती?

हॉस्की: आकडा तिच्या नवऱ्याला ठाऊक असेल. पीच पिकले होते, मोप पिकले होते. लग्नातली मक्याच्या लापशीची टोपली फिरली, आणि तिसऱ्या दिवशी ह्या दरीत पाणी आलं. पाय जरा पुढे घ्या बाई, तंग आवळतो. खोगीर एका अंगाला झुकलंय.

गेल: किती पाणी?

हॉस्की: भिंतीवर तो पट्टा दिसतो का? हिरवट?

गेल: कुठे? बोटानं दाखवा ना.

हॉस्की: बोटानं नाही दाखवत आम्ही इथली मूळची माणसं. माझ्या ओठांकडे बघा. ओठ वळवलेत ना, तिकडे.

गेल: अगं बाई! तो पट्टा तर घोड्यावर बसलेल्या माणसाच्याही वर आहे.

हॉस्की: टोपीएवढा. तुमची टोपी मात्र बुडाली नसती. दोन कोकरं निजतील एवढी आहे ती.

गेल: वेन्डेलनं घेऊन दिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही टोपी आणि ही सहल. आम्ही ओहायोची माणसं, आमच्याकडे नीट टेकडीसुद्धा नाही. आणि हा म्हणतो, चल, आरिझोनातल्या वाळवंटात जाऊ, दरीतून तीन दिवस घोड्यावरून फिरू. म्हटलं, माझे गुडघे? तर म्हणे, गुडघे घोड्याचे वापरायचे.

हॉस्की: हुशार आहे.

गेल: माझी आई म्हणायची, ह्या जावयाला डोकं आहे पण कान नाहीत.

हॉस्की: तुमची आई त्याच्यासमोर बोलायची? आमच्यात जावयानं सासूच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. डोळे जातात.

गेल: मग वेन्डेलनं तुमच्यातच जन्म घ्यायला हवा होता! पण कानांचं खरं आहे हो. डावा पार गेला. उजव्यानं माझा आवाज तेवढा ऐकतो. चाळीस वर्षं ओरडतेय ना. यंत्र लाव म्हटलं, तर धूळ जाते म्हणून पिशवीत ठेवलंय.

हॉस्की: आहे कुठे तो?

गेल: पुढे गेला. तुम्ही तंग बघायला थांबलात ना, तेव्हाच. त्या वळणापलीकडे भिंतीवर जुने हातांचे ठसे आहेत म्हणालात सकाळी. त्यांचे फोटो काढायचेत त्याला.

हॉस्की: करडीवर?

गेल: हो, करडीवरच. का हो?

हॉस्की: म्हातारी घोडी आहे. वाट ओळखते.

लोरीन: मामा! मामा, अजून इथेच तुम्ही?

हॉस्की: तंग सैल झाला होता. तू मागच्यांना सोडून कशी आलीस?

लोरीन: त्या मिनेसोटाच्या चौघांना वर उंचवट्यावर बसवलं. घोडी बांधली, कॉफी दिली. विचारत होते, एवढ्यात मुक्काम का? म्हटलं, घोडी दमली. तर त्यातला जाडा म्हणतो, मीही दमलो, पण माझ्यासाठी कोणी थांबत नाही. मामा, वर बघितलंस का?

हॉस्की: बघितलं.

लोरीन: पठाराच्या टोकाला काळं झालंय. आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास आहे.

गेल: पाऊस? इथे तर लख्ख ऊन आहे.

लोरीन: इथेच पडायला हवा असं नाही, गेल. वीस मैल वर पडला तरी...

हॉस्की: लोरीन.

लोरीन: ...तरी हवा गार होते.

गेल: हो, गार झालीय खरी.

लोरीन: मामा, आता आपल्या भाषेत विचारते, बाई घाबरायला नकोत. हिचा नवरा कुठे आहे?

हॉस्की: ठशांच्या भिंतीकडे गेला.

लोरीन: एकटा? मामा, तिथली वाळू...

हॉस्की: अभद्र बोलू नको.

लोरीन: बोलत नाही. चकाकत होती का, एवढंच विचारते.

हॉस्की: पहाटे बघून आलो तेव्हा चकाकत होती. म्हणून तर कॉफी पिताना सगळ्यांना ती गोष्ट सांगितली.

लोरीन: कुठली? त्या म्हाताऱ्याची? वाळू चकाकली की जो काळ्या ओघळांच्या भिंतीला खांदा घासत घोडा न्यायचा, तो?

हॉस्की: तीच. सावकाश सांगितली. दोनदा सांगितली.

लोरीन: मामा, तो माणूस ती वहीत उतरवून घेत होता! मला विचारलं, हा म्हातारा तुमचा कोणता देव. त्याला लोककथा वाटली ती.

गेल: तुम्ही दोघं तुमच्या भाषेत काय बोलताय? माझ्याकडे बघून बोलताय म्हणून विचारते.

हॉस्की: घोडी चालवू या, बाई. जरा भराभर.

गेल: काही धोका आहे का? मला सरळ सांगा. मी तीस वर्षं शाळेत नर्स होते. सरळ ऐकायची सवय आहे मला.

हॉस्की: आजचा दिवस चांगला आहे. संध्याकाळी आपण सगळे मेंढीचा रस्सा आणि तळलेली भाकरी खाऊ. तुम्ही खाल. तुमचा नवरा खाईल.

गेल: हुश्श. मग ठीक आहे. मी उगाच जिवाला घोर लावून घेते. वेन्डेल म्हणतोच नेहमी.

लोरीन: ऐकलंस, मामा? तू तिच्यासाठी मागणं मागितलंस. तिला वाटलं तू खात्री दिलीस.

हॉस्की: मग काय सांगायचं होतं? वाईट शब्द तोंडातून गेला की तो आपल्या पुढे चालायला लागतो. माझ्या आजीनं मला शिकवलं, तुझ्या आईला शिकवलं. तुलाही शिकवलं.

लोरीन: शिकवलं. पाळतेही मी. पण ही माणसं आपली नाहीत, मामा. ह्यांना आडून सांगितलेलं कळत नाही.

हॉस्की: घोडं हाक.

लोरीन: आपल्यातल्यांनाही कळत नाही कधीकधी. आईच्या लग्नाच्या वेळी माझ्या सावत्र बापाच्या धाकट्या भावालाही तू गोष्टच सांगितलीस. मी सहा वर्षांची होते, तुझ्या मांडीला टेकून बसले होते. तो हसला, अजून एक पीच खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी दरीत आला.

हॉस्की: गेलेल्याचं बोलू नको.

लोरीन: नाव काढलं का मी? घोड्यावरून कुठल्या बाजूला उतरला, एवढंच मनात आलं.

हॉस्की: ते माझ्या रोज मनात येतं.

गेल: लोरीन, हे घोडं अडतंय गं. टाच मारली तरी चालत नाही.

लोरीन: लगाम सैल सोडा. माझ्या मागोमाग येईल. भिंतीकडून चला, मधून नको.

गेल: त्या म्हाताऱ्यासारखं! खांदा घासत!

लोरीन: हो गेल, अगदी तसंच.

गेल: आला बघा, दिसला! वेन्डेल! तो काय मधोमध. किती बुटका दिसतोय घोड्यावर. घोडी बसली आहे का खाली?

लोरीन: बसली नाही.

गेल: मग तिचे पाय कुठे आहेत?

हॉस्की: बाई, घोडं थांबवा. ह्या दगडाच्या पुढे नाही. लोरीन, तिचा लगाम धर.

गेल: हात हलवतोय. हसतोय बघा! वेन्डेल, काय झालं रे? काय? म्हणतो, मऊ आहे, मऊ! म्हणतो, फोटो काढ माझा!

लोरीन: पोटापर्यंत गेली करडी. मामा, घोड्यांचे कान बघ. तिन्ही घोड्यांचे कान वरच्या अंगाला आहेत.

हॉस्की: बघितले.

लोरीन: किती वेळ आहे?

हॉस्की: पाइप ओढून होईल एवढा. कदाचित तेवढाही नाही.

गेल: हॉस्की, ह्याला बाहेर कसं काढायचं? दोर टाका ना.

हॉस्की: दोर तिथवर पोचत नाही. त्याला उतरून अर्ध्यात यायला हवं. लोरीन, हाक मार त्याला.

लोरीन: वेन्डेल! ओ वेन्डेल! मामा, तो कानाला हात लावतोय. ऐकू येत नाही म्हणतो.

गेल: माझंच ऐकू येतं त्याला. वेन्डेल, हॉस्की म्हणतात उतर! काय? हो, उतर! बरं म्हणतोय. पाय काढतोय बघा रिकिबीतून.

लोरीन: थांबवा त्याला! गेल, थांबवा!

गेल: वेन्डेल, थांब! हलू नकोस! अगं पण का? आत्ताच तर उतर म्हणालात.

लोरीन: मामा, डावीकडे उतरतोय तो. सकाळी मीच शिकवलं. डाव्या अंगानं चढायचं, डाव्या अंगानंच उतरायचं, दुसरीकडून घोडं बिथरतं. दहा वेळा घोकून घेतलं मी त्याच्याकडून.

हॉस्की: बाई, ऐका. आमच्यात पूर्वी एक माणूस होता. त्याचं घोडं असंच एकदा मऊ जागी...

गेल: गोष्ट? आत्ता गोष्ट सांगताय?

हॉस्की: त्यानं विचार केला, भिंतीचे ओघळ कुठल्या अंगाला आहेत...

गेल: मला तुमची गोष्ट नकोय! काय करायचं ते सांगा! वेन्डेल, थांब रे बाबा, विचारतेय! लोरीन, तू सांग ना.

लोरीन: मी सांगितलं असतं हो. वाळूखाली दगड कुठल्या बाजूला आहे ते मला ठाऊक नाही. ह्याला ठाऊक आहे. मामा, काळे ओघळ दोन्ही भिंतींवर आहेत, ती कशी ओळखणार? मामा, तुझ्या पाया पडते. ह्या वेळी आडून नको.

गेल: तो कसला आवाज आहे? वर कुठे ट्रक जातायत का?

हॉस्की: बाई, इकडे बघा. माझ्या तोंडाकडे. तुमचा नवरा डावीकडे उतरला तर मरेल.

गेल: काय?

हॉस्की: मरेल. डावीकडे तळ नाही. आणि हा ट्रकचा आवाज नाही, पाण्याचा आहे. उजवीकडे घोडीपासून हातभर अंतरावर वाळूखाली दगड आहे, तो थेट भिंतीपर्यंत जातो. उभं राहायचं नाही. पोटावर पडायचं, हातपाय पसरून, आणि सरपटत भिंतीकडे यायचं. सगळं टाकून द्यायचं. मोठ्यानं सांगा, तुमचाच आवाज पोचतो.

गेल: मरेल म्हणालात.

हॉस्की: म्हणालो. आता सांगा.

गेल: वेन्डेल! उजव्या अंगानं उतर! उजव्या! नाही, लोरीननं सांगितलं ते विसर! लोरीन गेली खड्ड्यात! माफ कर गं बाई. उजवीकडून, वेन्डेल! का काय, का? मरशील म्हणून! हॉस्की म्हणतात मरशील तू! वरून पाणी येतंय! हो, मी ओरडतेय, मला कळतंय मी ओरडतेय ते!

लोरीन: पाय बदलला त्यानं. बदलला, मामा.

गेल: कॅमेरा टाक! टाक म्हणते ना! माझ्याहून जास्त आहे का तो तुला? टाकला. टाकला त्यानं. आता पड. पोटावर, वेन्डेल, पोहतोस तसा! जातोय, हॉस्की, खाली जातोय तो!

हॉस्की: कोपरं जातील तेवढी. त्याखाली दगड आहे. सरपटायला सांगा, थांबू देऊ नका.

गेल: सरपट! थांबू नकोस! माझ्याकडे बघ. मी आहे ना इथे. ये. अजून ये. लोरीन, त्याचा बूट गेला गं.

लोरीन: बूट जाऊ द्या. मामा, दोर टाक, आता पोचेल.

हॉस्की: टाकला. बाई, काखेतून घ्यायला सांगा.

गेल: काखेतून घे, वेन्डेल! दोन्ही काखांतून! घेतला!

लोरीन: माझ्या घोड्याच्या खोगिराला बांधला दोर. मागे घेतेय. सावकाश, राजा, सावकाश. आला. गुडघे वर आले त्याचे. मामा, तो दगडावर आहे!

गेल: ये रे, ये. हा बघ, हा हात. किती जड झालायस रे तू. हसू नकोस, गाढवा, हसू नकोस. रडतोय की हसतोय हा?

हॉस्की: बाई, त्याला तुमच्या घोड्यावर घ्या आणि मागच्या उंचवट्याकडे निघा. घोडं वाट चुकणार नाही. मागे बघू नका. बोलू नका. जा.

गेल: आणि तुम्ही?

हॉस्की: आलोच मागोमाग. जा.

लोरीन: मामा, दोर मला दे. करडीच्या गळ्यात टाकते. आणि एक सुरी दे, तंग कापला की खोगिराचा भार जाईल. सरपटत जाते मी, तो आला तोच रस्ता आहे.

हॉस्की: नको.

लोरीन: आईची घोडी आहे ती. बघ कशी उभी आहे, हलत नाही. थोडी खोगिरातून मोकळी झाली तर उसळी मारेल. ह्याच घोडीनं मला शाळेत नेलंय...

हॉस्की: नाही, हिच्या आईनं नेलं होतं तुला. आणि ही निघणार नाही. छातीपर्यंत गेली.

लोरीन: दोन मिनिटं, मामा. दोनच.

हॉस्की: गेलीस तर मरशील.

लोरीन: मला म्हणालास हे?

हॉस्की: तुला म्हणालो. लोरीन, तू त्या वाळूत गेलीस तर पाण्याआधी परत येणार नाहीस. मरशील. घोड्यावर बस.

लोरीन: बहिणीच्या मुलीला असं बोलतात का?

हॉस्की: नाही बोलत. बस घोड्यावर.

लोरीन: ती आपल्याकडे बघतेय, मामा.

हॉस्की: बघतेय. चल.

(उंचवट्यावर. खाली दरीत पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे.)

गेल: झोपला नाही अजून. त्या चौघांनी दोन घोंगड्या दिल्या, कॉफी दिली. एका पायात बूट घालून बसलाय. एवढंच विचारलं, घोडीचं काय झालं. मी म्हटलं, मला मागे बघायचं नव्हतं.

हॉस्की: बरं केलंत.

गेल: किती लाकडं वाहून येतायत. पूर्ण झाडं. हॉस्की, तुम्ही बोलला नसतात तर...

हॉस्की: त्याबद्दल आभार मानू नका, बाई.

गेल: मानू नको तर काय करू? तुम्ही जीव वाचवलात त्याचा.

हॉस्की: तुम्ही ओरडलात. मी बोललो ते मला घरी जाऊन धुवावं लागेल. शुद्धीची गाणी गाणारा बोलवायचा, चार रात्री बसायचं.

गेल: पण तुमचं काय चुकलं त्यात?

हॉस्की: दोनदा बोललो. एकदा तुमच्या माणसाबद्दल, एकदा माझ्या बहिणीच्या मुलीबद्दल.

लोरीन: लाकडं मी आणीन, मामा. चारही रात्रींची.

हॉस्की: सीडरची आण. गेल्या वेळी ओली आणली होतीस, गाणारा खोकत होता.

लोरीन: गेल्या वेळी तूच म्हणालास, आण कुठलीही.

गेल: मी येऊ का तेव्हा? नुसती बसायला? नको, असू दे. तुमचं घरचं असेल.

हॉस्की: या. टोपी मात्र बाहेर ठेवा. आत दुसऱ्या माणसाला जागा राहायची नाही.

गेल: वेन्डेल हाक मारतोय. मी जाते. त्याला अजूनही वाटतंय तो हळू बोलतोय.

लोरीन: मामा, इथून वॉकी-टॉकी लागतोय. आई आहे. विचारतेय, पाणी दिसलं, सगळे आहेत का. सगळे आहेत म्हटलं. आता करडीचं विचारतेय.

हॉस्की: काय सांगितलंस?

लोरीन: अजून काही नाही. नेहमी सांगतो तसं सांगते, घोडी मागे राहिली. ती समजेल. घरी गेल्यावर तू नीट सांग.

हॉस्की: समजेल. आणि रोज सकाळी कुंपणाशी जाऊन उभी राहील. तुझा सावत्र बाप दोन वर्षं दरीच्या तोंडाशी उभा राहायचा. त्यालाही मी तेच सांगितलं होतं, भाऊ मागे राहिलाय म्हणून.

लोरीन: मामा, आज दोनदा झालं. तिसऱ्यांदा नको. मी सांगते, माझ्या तोंडून जाऊ दे.

हॉस्की: तुझ्या तोंडून नको. तू चाळिशीची आहेस, पोरं आहेत तुला. दे इकडे. कुठलं बटण दाबायचं?

लोरीन: बाजूचं. बोलताना दाबून धर.

हॉस्की: ताई? मी आहे. ऐकतेस ना? माणसं आठ, आठही जिवंत. तुझी लेक माझ्यासमोर उभी आहे, ओली झालेली नाही. हो. हो, ताई. नाही, मागे राहिली नाही. तुझी करडी मेली. आज, शुक्रवारी, ऊन भिंतीच्या निम्म्यावर आलं होतं तेव्हा.